काटाकाकू आणि हाडांची सारखी वाटणी

बटणांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काकूंनी जन्मभर एकच काम केलं. वाढलं. आता वाढणं म्हणजे काय, पातेल्यात डाव बुडवायचा नि ताटात उपडा करायचा, एवढंच ज्यांना वाटत असेल त्यांनी आत्ताच उठून जावं. ही गोष्ट त्यांच्यासाठी नाही.

काकूंच्या हातात लांब दांड्याचा डाव असला की साहेब असो नाहीतर झाडूवाली, प्रत्येकाच्या ताटात भाताचा ढीग एकाच उंचीचा पडायचा. रश्श्यात बटाट्याच्या फोडी कमी असल्या तर सगळ्यांना कमी, नि नशीब उघडलं तर सगळ्यांचं उघडणार. एकदा पॅकिंगमधल्या दोन टवाळांनी पैज लावली. काकूंनी वाढलेली दोन ताटं उचलली आणि बटणं तोलायच्या काट्यावर समोरासमोर ठेवली. काटा हलला नाही. टवाळांपैकी एकानं काट्याला बोटानं टिचकी मारून तो चालू आहे ना हेही पाहिलं. चालू होता. त्या दिवसापासून त्या काटाकाकू झाल्या, आणि खरं नाव पगाराच्या दिवशी एकदा ऐकू यायचं तेवढंच.

हे खूळ त्यांना माहेरूनच लागलं होतं. स्वतःच्या लग्नात त्या नवरीच्या पाटावरून ताडकन उठल्या होत्या, कारण वाढपी वरपक्षाला झुकतं माप देत होता. सगळे ओरडले, "अगं बस, तू नवरी आहेस!" तर म्हणाल्या, "नवरी असले म्हणून मला डोळे नाहीत का?" नवऱ्याकडच्यांनी कपाळावर हात मारला. नवरा मात्र हसला, आणि काकूंच्या मते त्याच क्षणी संसार ठीक होणार हे ठरलं. घरात उकडलेलं अंडं वाटायचं तर त्या दोऱ्यानं कापायच्या. मुलगा अजूनही पाहुण्यांना सांगतो, "आईनं माझे लाडसुद्धा शेजारच्या मुलांएवढेच केले." तो हे तक्रार म्हणून सांगतो. काकू ते कौतुक म्हणून ऐकतात.

स्वतः त्या सगळ्यांत शेवटी जेवायच्या, रांग संपल्यावर, पातेलं खरवडून. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. वाढणारा शेवटी जेवतो, त्यात काय एवढं.

काकूंची आणखी एक खूण होती. प्रत्येक ताटात भात पडला की डावाला चिकटलेली शितं सोडवायला त्या डाव त्याच ताटाच्या काठावर दोनदा आपटायच्या. टण्, टण्. शितं ज्याची त्यालाच मिळाली पाहिजेत, पुढच्याच्या ताटात जाता कामा नयेत. आंधळा माणूससुद्धा त्या आवाजावर रांगेत किती जण उरलेत ते सांगू शकला असता.

तर एक दिवस टण् झालं, टण् झालं, आणि मागोमाग कट् झालं.

"डाव मोडला वाटतं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी डाव उलटासुलटा करून पाहिला. डाव ठणठणीत होता. मग त्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. मनगट भलत्याच बाजूला बघत होतं.

"अगं बाई!" म्हणून त्यांनी डाव डाव्या हातात घेतला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला म्हणाल्या, "काय बघतोस? ताट पुढे कर." उरलेली रांग त्यांनी डाव्या हातानं वाढून संपवली. मगच रस्त्यापलीकडच्या इस्पितळात गेल्या, त्याही मैत्रिणीनं ढकलत नेलं म्हणून. ही मैत्रीण म्हणजे चाळणीबाई. कारखान्यात बटणं आकारानुसार चाळणं हे तिचं काम, आणि कारखान्याबाहेर माणसं चाळणं हा तिचा छंद.

इस्पितळात हाडांची एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं फोटो काढला, हात प्लास्टरमध्ये घातला, मग एका यंत्राखाली झोपवून काकूंच्या हाडांची घनता मोजली आणि विचारलं, "पडलात कुठे?"

"पडले नाही. आपटलं."

"काय आपटलं?"

"डाव."

"कोणावर?" डॉक्टरीण जरा मागे सरकली.

सगळी हकिगत कळल्यावर तिनं समजावून सांगितलं. भात वाढताना मनगट मोडतं म्हणजे दोष भाताचा नाही. हाडं आतून पोकळ व्हायला लागली आहेत, पावासारखी. बाहेरून अख्खी दिसतात, आत नुसती भोकं. याला हाडांचा ठिसूळपणा म्हणतात, ऑस्टिओपोरोसिस. काकूंनी तो शब्द घरी जाईपर्यंत तीन वेगळ्या प्रकारांनी म्हणून पाहिला आणि मग नाद सोडला.

कॅन्टीनचा मॅनेजर वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. तो म्हणाला, "काकू, डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत डावाला हात लावायचा नाही. उद्या दुसरं काही मोडलं तर माझ्या अंगावर येईल." काकूंना त्यानं चमचे पुसायला बसवलं. डाव गेला एका नव्या वाढप्याकडे. मिशा मोठ्या आणि हात ढिला, असा तो गडी. ओळखीचा आला की डोंगर, अनोळखी आला की चिमूट. काकू चमचे पुसता पुसता ते बघायच्या आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "ए मिशा! त्या पोरीला कमी पडलाय!" मिशा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. घरी तरी सुख असावं? तिथे सून वाढायची, आणि मोठा तुकडा नेमका आपल्या नवऱ्याच्या ताटात टाकायची. काकू गळ्यात हात अडकवून बसलेल्या. बोलायची सोय नाही, कारण तो नवरा त्यांचाच मुलगा.

"डॉक्टरबाई, मला डाव परत हवाय," त्यांनी प्लास्टर काढायच्या दिवशी सरळ सांगितलं. "बाकी माझं काही मागणं नाही."

डॉक्टरीण म्हणाली, "हाडं आणखी खाली नाही घसरली तर देईन. वर्षभरानं मोजू. आणि काकू, मी एक चाचणी सुरू करतेय. तुमच्या कारखान्यात पन्नाशीच्या पुढच्या खूप बायका आहेत ना? मी तिकडेच येते."

आली. कॅन्टीनच्या बाकावर उभी राहून बोलली, बिचारीची उंचीच तेवढी. तिच्या हातात एक कुंडी होती आणि कुंडीत शेंगांच्या कुळातला एक किरकोळ वेल. ती म्हणाली, अंगात हाड रोज थोडं मोडलं जातं आणि रोज थोडं बांधलं जातं. मोडणारे वेगळे, बांधणारे वेगळे. पाळी गेली की बाईच्या अंगातलं एक संप्रेरक आटतं. त्याचा धाक असतो तोवर मोडणारे सांभाळून वागतात, धाक गेला की माजतात. आता काही वनस्पतींमध्ये अशी द्रव्यं असतात की ती दिसायला त्या संप्रेरकासारखीच असतात. अंगाला वाटतं मालक परत आला. मग मोडणारे आवरतात. निदान आवरतात की नाही हेच बघायचं आहे. अजून कोणालाच खात्रीनं माहीत नाही.

"याची भाजी होते का?" चाळणीबाईनं वेलाकडे बघत विचारलं.

"भाजी करायची नाहीये," डॉक्टरीण कुंडी छातीशी धरत म्हणाली. "याच्या मुळातलं द्रव्य काढून पूड केली आहे. रोज एक चमचा, कोमट दुधातून. प्रत्येकीला आकड्याची एक बरणी मिळेल. आणि नीट ऐका हं, अर्ध्या बरण्यांमध्ये औषध आहे, अर्ध्यांमध्ये नुसतं पीठ. रंग तोच, कडूपणा तोच. कोणाला काय मिळालंय हे कोणालाच कळणार नाही."

जेवणाआधीच्या भाषणाला बायका माना डोलवतात तशा सगळ्यांनी डोलवल्या. काकूंची मान मात्र मधेच थांबली.

"अर्ध्या बायकांना पीठ?"

"हो काकू. वर्षानं दोन्ही गटांची हाडं मोजायची. फरक पडला तर औषधाचा गुण. त्याशिवाय कळणार कसं?"

"कोणाला पीठ, ते तुम्हाला तरी माहीत आहे?"

"मलाही नाही. मला कळलं तर माझा कल एकीकडे जाईल ना."

"म्हणजे," काकू म्हणाल्या, "वाढणारीलाच माहीत नाही पातेल्यात काय आहे?"

डॉक्टरीण हसली. तिला वाटलं काकूंना विनोद सुचला. काकूंना विनोद कधीच सुचत नाहीत.

काकूंचं जेवणावरचं मन उडालं. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघी, एकीच्या कपात औषध आणि दुसरीच्या कपात पीठ, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसतायत, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. मिशा परवडला, निदान तो समोरासमोर तरी अन्याय करतो! बरं, डॉक्टरीण पोर गोड होती. तिला दुखवायचं काकूंच्या मनातही नव्हतं. तिच्या हातून अजाणतेपणी होत असलेलं पाप आपण गुपचूप निस्तरावं, तिला पत्ताही लागू देऊ नये, असा त्यांचा सरळ, साधा, सत्यानाशी विचार होता.

"बरण्या घरी नेऊ नका गं," त्यांनी बायकांना सांगितलं. "घरी नातवंडं हात घालतात. इथेच फळीवर राहू देत. दुधाचं मी बघते."

डॉक्टरीण तर खूश झाली. रोज ठरल्या वेळी, सगळ्यांनी एकत्र, काकूंच्या देखरेखीखाली! तिनं काकूंचे हात हातात घेतले, मनगट सांभाळून.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत कॅन्टीनच्या मागच्या खोलीत मोठं पातेलं चढलं. दूध कोमट झालं की काकू एकेक बरणी उघडायच्या, प्रत्येकीतला चमचा चमचा पातेल्यात टाकायच्या, चांगलं घोटायच्या, आणि डाव्या हातात छोटी पळी घेऊन एकेकीचा कप भरायच्या. काठावर टक्, टक्. चाळणीबाईनं पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे चालतं का?"

"का नाही चालणार? आता सगळ्यांना थोडं औषध, सगळ्यांना थोडं पीठ. कोणी उपाशी नाही."

चाळणीबाईनं विचार केला. तिला त्यात खोट सापडेना. एवढी माणसं चाळणारी बाई, पण हा खडा तिच्या भोकांतून अलगद खाली गेला. बाकीच्या बायकांना तर विचारच करावा लागला नाही. काकूंच्या हातून आलेलं सारखंच असणार, हे त्या कारखान्यात भिंतीइतकं पक्कं होतं.

पुढे काय झालं, तर रांग वाढली. फाटकावरची बाई आली, तिचं वय चाचणीत बसत नव्हतं. भांडी घासणारी आली, तिला दुसरं कुठलं औषध चालू होतं म्हणून डॉक्टरिणीनं घेतलं नव्हतं. मग आणखी कोणाची जाऊ, कोणाची विहीण. "डॉक्टरबाईंनी नाही म्हटलंय ना तुला?" काकू विचारायच्या. ती मान खाली घालायची. आणि रांगेत उभ्या माणसाला रिकामं परत पाठवणं काकूंना जन्मात जमलं नव्हतं, ते आता काय जमणार? त्या पातेल्यात दूध वाढवायच्या आणि पळीचं माप तेच ठेवायच्या.

एकदा तर भलताच प्रसंग आला. डॉक्टरीण न सांगता मागच्या दारानं आत आली. पातेलं वाफाळत होतं, रांग उभी होती. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"चहा!" चाळणीबाई किंचाळली.

"अरे वा," डॉक्टरीण म्हणाली, "मला पण द्या."

आता काय करता? काकूंनी दिला. इतरांएवढाच दिला. डॉक्टरीण प्यायली, जरा थांबली, कपात बघितलं. "चहा फिकट आहे. आणि कडवट."

"साखर संपलीय," भांडी घासणारी म्हणाली.

"आणि पत्तीपण," फाटकावरची म्हणाली.

डॉक्टरीण समजूतदार. पूर्ण कप संपवून गेली. वरून सांगून गेली की गरिबीत एकत्र बसून असा चहा पिण्यातसुद्धा मजा असते.

वर्ष सरलं. सगळ्या बायका एकेक करून यंत्राखाली झोपून आल्या. काकूही आल्या, आणि आल्या आल्या जुना डाव शोधून चिंचेनं घासून ठेवला. मिशाला म्हणाल्या, "तुझे दिवस भरले."

मग डॉक्टरिणीनं सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. बाकावर चढली नाही. खालीच उभी राहिली. डोळे लाल.

"तुम्ही सगळ्यांनी खूप साथ दिलीत," ती म्हणाली. "पण मला सांगायला वाईट वाटतंय. आम्ही काल आकडे उघडले, कोणत्या बरणीत काय होतं ते पाहिलं. औषधवाला गट आणि पीठवाला गट, दोन्हींत काही फरक नाही. अगदी सारखे. इतके सारखे गट मी पुस्तकातही पाहिले नाहीत."

अगदी सारखे! काकूंच्या छातीत आनंद मावेना. यंत्रानं मोजून, शिकलेल्या माणसानं सांगितलं, काटा हलला नाही! त्यांनी चाळणीबाईला कोपरानं ढोसलं. जन्मात असं कौतुक झालं नव्हतं.

"म्हणजे औषधात काही दम नाही," डॉक्टरीण पुढे म्हणाली. "नुसतं पीठ खाल्लं काय आणि हे खाल्लं काय. वरच्या लोकांनी सांगितलंय, हा वेल बंद. माझी तीन वर्षं याच्यावर..." आणि तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

काकूंचा आनंद जागच्या जागी थिजला. इथेच माशी शिंकली होती तर! बंद? वेल बंद? म्हणजे ज्याला खरं खोटं ठरवायचं होतं त्याला आपण खोटं ठरवून बसलो? आणि उद्या दुसऱ्या कुठल्या गावात दुसऱ्या कोणा बाईचं मनगट भात वाढताना मोडलं, तर तिच्यापर्यंत हे पोचणारच नाही? सगळ्यांना सारखं म्हणता म्हणता आपण सगळ्यांचं सारखंच घालवलं?

आणि त्याबरोबर दुसरा विचार आला. बोललो तर डाव गेला. या पोरीच्या एका होकारावर डाव अडलाय, आणि हे ऐकल्यावर ती होकार देईल? कशाला देईल? गप्प बसावं. बायका गप्प बसणार आहेत. चिंचेनं घासलेला डाव खुंटीवर चमकत होता.

डॉक्टरिणीनं डोळे पुसले, ते तिच्या पांढऱ्या डगल्याच्या बाहीला, लहान मुलीसारखे.

"नापास वेल नाही," काकू उभ्या राहून म्हणाल्या. "नापास मी आहे."

आणि त्यांनी सांगून टाकलं. पातेलं, दूध, घोटणं, पळी, सगळं. मधेमधे बायका ओरडत होत्या, "तिची एकटीची चूक नाही!" "आम्हीपण प्यायलो!" "मी तर चाचणीत नसताना प्यायले!" ही शेवटची फाटकावरची.

डॉक्टरीण हळूहळू खाली बसली, उपड्या घातलेल्या पातेल्यावर. "एकत्र केलंत? सगळ्यांचं?"

"हो."

"रोज?"

"रोज. घोटून."

"म्हणजे तो चहा..." डॉक्टरिणीनं तोंडावर हात ठेवला. ती हसतेय की रडतेय ते कळेना. बहुधा तिलाही कळत नव्हतं. मग ती चिडली, चांगली चिडली, आणि चिडणं साहजिकच होतं. ती म्हणाली, "काकू, अर्ध्यांना मुद्दाम दिलं नव्हतं! आज त्यांना दिलं नाही म्हणून उद्या सगळ्यांना देता आलं असतं! एवढंसुद्धा विचारावंसं वाटलं नाही मला?"

"नाही वाटलं," काकू म्हणाल्या. "चुकलं माझं. पण वाटणीत खोट नाही. एक थेंब इकडचा तिकडे नाही. सगळ्यांना अगदी सारखं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग तुमचीच हाडं का उतरली?"

काकूंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं.

"बाकी सगळ्या होत्या तिथेच आहेत," डॉक्टरीण म्हणाली. आवाजातला राग कमी झाला होता. "थोडं वर, थोडं खाली. एकट्या तुमची घसरली आहेत, मनगट, कंबर, सगळं. मला वाटलं तुम्ही पूड घेतच नव्हतात. काकू, तुम्ही काय पीत होतात?"

"मी नंतर घ्यायचे."

"नंतर काय?" चाळणीबाई पुढे आली.

"असायचं पातेल्यात काहीतरी."

"काय असायचं?"

उत्तर दिलं भांडी घासणारीनं. ती अगदी मागे उभी होती आणि तिचा चेहरा एवढासा झाला होता. "पातेलं मी घासायचे," ती म्हणाली. "म्हणजे घासावं लागायचंच नाही. काकू ते पाण्यानं विसळून ठेवायच्या. मला वाटायचं, माझं काम हलकं करतात. ते विसळलेलं पाणी कपात ओतून घेताना मी बघितलंय त्यांना."

मग जो गलका झाला, तो विचारू नका. आजवर काकूंना त्या कारखान्यात कोणी चढ्या आवाजात बोललं नव्हतं. आज सगळ्याच एकदम सुटल्या. "सारखं सारखं म्हणून आमचे कान किटवलेस!" चाळणीबाई रडत ओरडत होती. "नवऱ्याशी भांडलीस, सुनेशी भांडलीस, मिशाशी भांडतेस! आणि स्वतः धुवण पितेस? लाज नाही वाटत?"

काकू खरोखर गोंधळल्या होत्या. त्यांनी काही मोठा त्याग वगैरे केला नव्हता, तो त्यांच्या डोक्यातच नव्हता. "अगं, पण रांग समोर असते," त्या म्हणाल्या. "समोर दिसते तेवढ्यांना मी वाढते. मी कुठे रांगेत असते?"



डॉक्टरिणीनं काकूंचं मनगट हातात घेतलं. "या मनगटावर डाव नाही," ती म्हणाली. "मला माफ करा. तुम्ही गप्प राहिला असतात तरी मी नाहीच म्हटलं असतं. आता तुम्हाला चाचणी नाही, नेहमीचं औषध सुरू करायचं, माझ्यासमोर गिळायचं. आणि मी हे सगळं पहिल्यापासून करणार, रस्त्यापलीकडे, कुलूप लावून. तुम्ही तिथे फिरकायचं नाही."

काकू रडल्या. मोठ्यांदा, नाक ओढत, सगळ्यांसमोर रडल्या. खुंटीवरचा डाव मॅनेजरनं काढून आत नेला, कारण त्याच्यानं ते बघवेना.

पण काकूंना चमचे पुसत बसवायची हिंमत आता कोणात नव्हती. डॉक्टरिणीकडूनच खुलासा आला, की उचलायला बंदी डावाची आहे, तोंडाची नाही. मग पातेल्याशेजारी एक खुर्ची आली. काकू तिच्यात बसायच्या आणि मिशाचा हात ताटावर गेला की म्हणायच्या, "जास्त. काढ. आणखी काढ. आता आपट. दोनदा." मिशा घामाघूम. महिन्याभरात ओळखीचे आणि अनोळखी त्याला सारखेच दिसायला लागले.

खुर्चीबरोबर बायकांनी एक कायदाही केला होता, आणि तो पहिल्याच दिवशी लागू झाला. जेवणाची घंटा झाली. रांग लागली, पार फाटकापर्यंत. मिशानं डाव बुडवला. पण पहिली उभी असलेली चाळणीबाई ताट पुढे करेना. तिनं त्याच्या हातातून डाव घेतला, एक ताट उचललं, त्यात पातेल्याच्या मधोमध खोल बुडवून भात काढला, वर रस्सा घातला आणि ताट काकूंच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?"

"जेव."

"आत्ता? वेड लागलंय का? रांग बघ केवढी आहे!"

"तू जेवल्याशिवाय हलणार नाही ती."

काकूंनी मान उंचावून पाहिलं. खरंच, कोणी हलत नव्हतं. मॅनेजरसुद्धा ताट घेऊन मधेच कुठेतरी उभा होता. काकूंनी भाताच्या ढिगाकडे नजर टाकली आणि त्यांच्या जिवाची तगमग झाली. "अगं, कमी कर की जरा. मागे माणसं आहेत."

"आहेत. थांबतील."

शेवटी काकूंनी घास घेतला, तो तोंडात घातला आणि दचकून तसाच धरून ठेवला. डोळ्यांत पाणी आलं, हातानं तोंडापाशी वारा घातला, कसाबसा गिळला.

"काय गं, काय झालं?" चाळणीबाई घाबरून वाकली. "मिरची लागली?"

काकू ताटातून वर येणाऱ्या वाफेकडे बघत होत्या. एवढी वर्षं त्या हाच भात वाढत आल्या होत्या.

"हा रोज एवढा गरम असतो?" त्यांनी विचारलं.

"रोज," चाळणीबाई म्हणाली आणि तिनं ताटावर आणखी थोडा रस्सा घातला.